ज्याला लागलंय, त्यानं बनवावं

नायगाव (बाजार), जि. नांदेड

चि. बाळ,


तुझं पत्र पोचलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी यष्टिरक्षण बंद करायला सांगितलं आणि तू विद्यापीठाच्या संघातून नाव काढून घेतलंस, एवढं तुझ्या आईकडून कळलं होतं. पत्रात नवं आहे ते पुढचं. आता तुला खेळाडूंच्या संरक्षणाची साधनं बनवायची आहेत, आणि घरातली मंडळी म्हणतात की खेळ सुटला म्हणून पोरीनं हा नाद लावून घेतला. मला ते पटत नाही. खेळून थांबलेल्या माणसानं करण्यासारखी जी कामं आहेत, त्यांत हे मी फार वरचं मानतो. का, ते फोनवर सांगून व्हायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी यष्टिरक्षण करायचो तेव्हा नायगावात खेळाच्या सामानाचं दुकान नव्हतं. काळ्या रानात जागा सपाट करायची, मॅटिंग अंथरून कडेनं खिळे ठोकायचे आणि खेळायचं. पॅडात वेताच्या काड्या आणि कापूस. कापसाच्या गाठी झाल्या की पॅड उसवून गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याकडे न्यायचे. तो पहिल्यांदा विचारायचा, “कुठं लागतंय?” आम्ही बोट ठेवायचो आणि तो तिथं जास्त भरायचा. पुढं नांदेडला आणि पुण्याला मोठी दुकानं पाहिली, भारी पॅड हाताळले. तो प्रश्न मात्र पुन्हा कुणी विचारला नाही.

तुझ्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. पन्नास षटकांच्या डावात यष्टिरक्षक तीनशे वेळा उकिडवा बसतो. पॅडचा पट्टा गुडघ्यामागं कुठं कातडी सोलतो, फिरकीला यष्टींजवळ उभं राहिलं की खालून उसळणारा चेंडू हेल्मेटच्या जाळीच्या कुठल्या सळईआड क्षणभर दिसेनासा होतो, घामानं हनुवटीचा पट्टा किती सरकतो, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला कुणीतरी सांगावं लागतं. तुला ते अंगानं माहीत आहे.

डोक्याच्या संरक्षणाचंच पाहा. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनच्या मैदानावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला. कवटी फुटली. जीव वाचवायला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं; आपल्यातल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनीही दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, नंतर प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले, पण कसोटीत पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी साठ वर्षांनी, २०२२ मध्ये मुंबईत काढली. त्याच ब्रिजटाउनच्या मैदानावर मार्च १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप हेल्मेट घालून फलंदाजीला उतरला. कसोटी सामन्यात हेल्मेट घालणारा तो पहिला फलंदाज, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. एकाच मैदानावरच्या या दोन घटनांत सोळा वर्षं गेली. फायबरग्लास त्या सोळा वर्षांत होतं, मोटारसायकलचं हेल्मेट होतं. इंग्लंडच्या डेनिस ॲमिसनं पॅकरनं १९७७-७८ मध्ये भरवलेल्या खासगी मालिकेत घातलेलं हेल्मेट त्याच धर्तीचं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३३ मध्ये, पॅट्सी हेंड्रेन नावाचा इंग्लंडचा फलंदाज कानशिलांवर झापा असलेली, आतून रबर लावलेली टोपी घालून लॉर्ड्सवर खेळला. ती त्याच्या बायकोनं बनवली होती. म्हणजे वस्तू होती, अक्कल होती, शिवणारे हातही होते. अडलं होतं ते लाजेपाशी.

आपल्या मराठी माणसांत या कामाच्या सर्वांत जवळ गेले ते सुनील गावसकर. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा, डोक्यावर हेल्मेट नाही. पुढं सगळे हेल्मेट घालू लागले तरी त्यांनी घातलं नाही. १९८३ मध्ये गयानात माल्कम मार्शलचा चेंडू त्यांच्या कपाळावर आदळला. ते हलले नाहीत, नाबाद १४७ करून परतले. पण त्यानंतर त्यांनी आपल्या डोक्यासाठी एक कवच बनवून घेतलं. कपाळ आणि कानशिलं झाकणारं, पातळ, पांढऱ्या टोपीखाली बसणारं. जुन्या फोटोंत टोपीच्या कडेनं त्याच्या झापा दिसतात. त्यामागचा विचार खेळाडूचा होता. उसळत्या चेंडूपासून वाचायचं तर डोकं वेळेत बाजूला झालं पाहिजे. डोक्यावरचं ओझं मानेला मंद करत असेल, तर ते ओझंच घात करील. कारखान्यात बसलेला माणूस कवच जितकं जाड तितकं चांगलं असं धरून चालतो. गावसकरांनी मान मोकळी ठेवण्यापासून सुरुवात केली.

तरी त्या कवचाची मर्यादा मी तुझ्यापासून लपवणार नाही. चेहरा उघडाच राहत होता. नाक, डोळे, जबडा यांना त्याचा काही उपयोग नव्हता. ते एका असामान्य फलंदाजाच्या नजरेसाठी आणि पायांसाठी बनलेलं साधन होतं. शाळेतल्या पोरानं ते घालून खेळावं असं कुणी म्हणणार नाही, आणि आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात वेगवान गोलंदाजीसमोर ते चालणारही नाही. जून २०२३ पासून तिथं मानकाला उतरलेलं हेल्मेट सक्तीचं आहे. यष्टींजवळ उभ्या यष्टिरक्षकाला आणि फलंदाजाच्या पुढ्यात जवळ उभ्या क्षेत्ररक्षकालाही. स्वतःच्या दुखण्यातून निघालेलं साधन स्वतःच्याच मापाचं होऊन बसतं. तुझ्या कामातला हा पहिला धोका.

आणि याच कारणानं तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. तू लिहितेस की सुरुवात गुडघा वाचवणाऱ्या पट्ट्यापासून करणार. करू नकोस. तुझा लिगामेंट चेंडू लागून तुटला नाही. उडी मारून उतरताना पाय वळला आणि तुटला. मुलींत ही दुखापत मुलांपेक्षा जास्त दिसते, आणि बहुतेक वेळा ती कुणाचा धक्का न लागता होते. तिथं बाहेरून बांधलेली वस्तू फारसं काही करू शकत नाही. उतरायचं कसं, वळायचं कसं, मांडीच्या मागचे स्नायू बळकट कसे करायचे, सामन्यापूर्वी अंग कसं तापवायचं, याचा नेमानं सराव केला तर या दुखापती कमी होतात. फुटबॉलमध्ये हे तपासून पाहिलेलं आहे. ते काम मैदानावरच्या शिक्षकांचं, माझ्यासारख्यांचं, आणि ते आम्ही करायला हवं. तुझा गुडघा दुखतो म्हणून तुला सगळीकडे गुडघाच दिसणार, हे मी समजू शकतो. पण वस्तू तिथं बनव जिथं वस्तूनं खरोखर फरक पडतो.

तो फरक डोक्याला पडतो.

थोडा हिशेब मांडतो. चेंडू साधारण १६० ग्रॅमचा. ताशी १४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. त्यात ऊर्जा होते सुमारे १२० जूल. एक किलोचं वजन चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, बारा मीटरवरून खाली सोडलं तर जमिनीवर पोचताना त्यात तेवढीच ऊर्जा असते. हेल्मेट हा मार नाहीसा करत नाही. वरचं कडक कवच तो मोठ्या जागेवर पसरवतं आणि आतला फोम दबता दबता त्याला थोडा जास्त वेळ लावतो. त्या मिलिसेकंदांवर कवटी फुटायची की नाही हे ठरतं. मेंदूचं गणित आणखी वेगळं आहे. तो कवटीच्या आत हलतो, डोकं झटक्यानं फिरलं की तोही फिरतो, आणि त्यासाठी कवटी फुटावी लागत नाही. म्हणून हेल्मेट घातलेल्या खेळाडूलाही मार लागल्यावर तपासावं लागतं, आणि म्हणूनच ऑगस्ट २०१९ पासून कसोटीत तशा खेळाडूच्या जागी बदली खेळाडू देता येतो. तुझ्या हेल्मेटच्या खोक्यावर ‘मेंदूला इजा होणार नाही’ असं कधी छापू नकोस. कुठल्याच हेल्मेटवर ते छापता येत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या फिलिप ह्यूजनं हेल्मेट घातलं होतं. २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या मागच्या बाजूला लागला, मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. त्यानंतर मानेसाठी हेल्मेटला मागून लावायची जोडकवचं आली. २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला, तेव्हा त्याच्या हेल्मेटला ते जोडकवच नव्हतं. ते लावलं की कोंडल्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. यावर पुष्कळांनी त्याला दोष दिला. मी देत नाही. घालवत नाही असं साधन हे अर्धवट साधन आहे, आणि ती उणीव बनवणाऱ्यानं भरून काढायची असते. लंडनच्या ऑगस्टमध्ये त्याला कोंडल्यासारखं होत असेल, तर आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यांत, पारा त्रेचाळीसवर असताना, दुपारी एकच्या सामन्यात आठवीतल्या पोरीला काय होईल? हवा कुठून आत शिरते, घाम कुठून निघून जातो, हा प्रश्न तू शेवटी सजावटीसारखा ठेवू नकोस. पहिल्या कागदावर घे.

आता आपल्या जागेविषयी, यष्टीमागच्या. मे २००० मध्ये ढाक्यात अनिल कुंबळेच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षण करताना आपल्या सबा करीमच्या डोळ्याला चेंडू लागला. त्याच वर्षी तो एक कसोटी खेळला आणि कारकीर्द संपली. जुलै २०१२ मध्ये टाँटनला दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरच्या डोळ्यात, इम्रान ताहीरनं फलंदाजाचा त्रिफळा उडवल्यावर, यष्टीवरची बेल येऊन घुसली. चेंडू नव्हे, बेल. इतकी वर्षं खेळलेला माणूस त्या दिवशी थांबला. पुढं २०१७ च्या नियमावलीत, बेल फार लांब उडू नये अशी सोय यष्टींवर करायला परवानगी मिळाली. ही युक्ती मला फार आवडते. खेळाडूच्या अंगावर एक तोळा वजन न वाढवता त्याचा डोळा वाचवायचा. संरक्षण म्हणजे अंगावर काहीतरी चढवणं, हे गृहीत तिनं मोडलं.

आपल्या तालमीतल्या जुन्या वस्तादांनाही हे कळत होतं. हौद्यातली तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवायची, कुस्तीआधी उकरायची, हे पहिलवानाचं अंग वाचवण्याचंच तंत्र होतं. त्याच मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट नवखी होती. तिच्याशी जमवून घेऊन त्यांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, निलंग्याकडच्या रामलिंग मुदगडचे रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच परंपरेतले. पण त्याच तालमीत मोडलेला कान मानाचा दागिना म्हणून मिरवतात, आणि कानाला संरक्षण बांधून सराव करणाऱ्या पोराला हसतात. माळेगावच्या जत्रेत मी हे पाहत आलो आहे. माती मऊ करणाऱ्यांनीच कान उघडे ठेवले, हे मला आजही उलगडत नाही.

ही मिरवण्याची हौस जीव घेते. एकनाथ सोलकर आठव. मुंबईच्या हिंदू जिमखान्याचं मैदान सांभाळणाऱ्या माणसाचा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, उघड्या डोक्यानं. त्यांच्यासारखा क्षेत्ररक्षक मी पाहिला नाही. पण त्यांच्या काळात त्या जागेवर घालायला काही नव्हतंच. भारताकडून खेळलेल्या रमण लांबाच्या वेळी होतं. फेब्रुवारी १९९८, ढाक्यातला क्लबचा सामना. षटकातले मोजके चेंडू उरलेले, तेवढ्यासाठी हेल्मेट कशाला मागवायचं म्हणून तो तसाच शॉर्ट लेगला उभा राहिला. चेंडू कपाळाला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. पोरांना सोलकरांचे झेल दाखव आणि लगेच लांबाची हकीकतही सांग. एक सांगून दुसरी गाळणारा शिक्षक मला पसंत नाही.

दूरच्या देशांत हे काम खेळाडूंनी कसं केलं तेही थोडं सांगतो. कॅनडाचा आइस हॉकीतला गोलरक्षक जाक प्लांत. १ नोव्हेंबर १९५९ ला तोंडावर रबरी चकती बसून चेहरा फाटला, टाके घातले, आणि त्यानं प्रशिक्षकाला सांगितलं की मुखवटा घालू दिलात तरच परत बर्फावर जाईन. प्रशिक्षकाचा विरोध होता, पण दुसरा गोलरक्षक नव्हता. पुढं प्लांत मुखवटे बनवण्याच्या धंद्यातच उतरला. अमेरिकेतला बिल सिम्पसन मोटार शर्यतींचा चालक. अठराव्या वर्षी अपघातात दोन्ही हात मोडले, आणि वेगातली गाडी थांबवायला मागं पॅराशूट बांधायचं त्यानं मनावर घेतलं. एका अंतराळवीराकडून त्याला न पेटणाऱ्या नोमेक्स कापडाची माहिती मिळाली; त्याचे सूट त्यानं शर्यतींत आणले. १९७४ ला तो इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत धावला, काही वर्षांनी गाडी सोडली आणि उरलेलं आयुष्य सुरक्षेच्या सामानाला दिलं. म्हातारपणी अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू डोक्याला मार लागून पडताना पाहून तो त्यांच्या हेल्मेटांकडं वळला. सूट चांगला आहे हे दाखवायला त्यानं तो अंगात घालून लोकांसमोर स्वतःला आग लावून घेतली होती. त्याचं धाडस मोठंच. तू मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर काही आजमावायचं नाही. नकली डोकं, ठरलेली उंची, ठरलेला वेग, मोजणारं यंत्र. ब्रिटिश मानक २०१३ मध्ये सुधारलं, तेव्हा चेंडू जाळीतून आत घुसतो का हे प्रत्यक्ष चेंडू मारून तपासायला सुरुवात झाली. त्याची गरज किती होती ते पुढच्याच वर्षी दिसलं. ओल्ड ट्रॅफर्डवर आपल्या वरुण ॲरनचा चेंडू स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटच्या फटीतून आत गेला आणि त्याचं नाक मोडलं.

आता नायगावची गोष्ट, आणि हे मी सर्वांत कळकळीनं लिहितोय. आपल्या तालुक्यातल्या शाळांत क्रिकेटचं एक किट असतं आणि त्यात एक किंवा दोन हेल्मेट. फलंदाज बाद होऊन आला की तेच काढून पुढच्याच्या डोक्यावर. सातवीतला पोरगा, दहावीतली पोरगी, सगळ्यांना तेच. कुणाच्या डोळ्यांवर येतं, कुणाच्या डोक्यावर वर तरंगतं. मुलींची वेणी किंवा अंबाडा मागं अडतो, त्यामुळं हेल्मेट पुढं झुकतं आणि मान उघडी पडते. ते बनवताना वेणी कुणी विचारातच घेतलेली नसते. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं, जागी सुतळी. वर्षभर ते पत्र्याच्या खोलीत तापत पडतं, फोम कडक होतो. आणि ज्या हेल्मेटनं एकदा जोराचा मार झेलला, ते बदलायला हवं, कारण आतला फोम दबून कामातून गेलेला असू शकतो. बाहेरून ते धडधाकट दिसतं, म्हणून आठ-दहा वर्षं वापरतात. मोठ्या खेळाडूंना प्रत्येकाला आपल्या मापाचं मिळतं. सामाईक हेल्मेट कसं असावं, याचा विचार कुणी केलेला मला दिसत नाही.

तू तो कर. चार-पाच वेगवेगळ्या मापांच्या डोक्यांवर क्षणात घट्ट बसेल असं, वेणीला जागा देणारं, आतलं अस्तर काढून धुता येईल असं, आणि मोठा मार बसला की बाहेरून कळेल अशी खूण असलेलं. ही खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खेड्यातल्या शिक्षकाकडं यंत्र नसतं, डोळे असतात. त्याला पाहून कळलं पाहिजे की हे आता फेकायचं. किंमत शाळेच्या खेळाच्या तुटपुंज्या पैशांत बसली पाहिजे, नाहीतर ते पुण्या-मुंबईतच राहील.

हे एकटीनं होणार नाही. नांदेडला विष्णुपुरीचं गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. तिथं जाऊन यंत्र आणि कापड या विषयांच्या प्राध्यापकांना भेट. तुला त्यांचं गणित येत नाही म्हणून संकोचू नकोस; त्यांना तुझं मैदान येत नाही. पहिले नमुने चाचणीत फुटतील. फुटलेला प्रत्येक नमुना तारीख घालून जपून ठेव, कशानं फुटला ते लिहून ठेव, आणि जो पास झाला त्याच्याइतकंच ते लोकांना मोकळेपणानं दाखव. तू चांगली खेळाडू होतीस म्हणून लोक तुझ्यावर पटकन विश्वास ठेवतील. त्या विश्वासाच्या आधारावर, मानकाला न उतरलेलं एकही हेल्मेट कुठल्या पोराच्या डोक्यावर जाऊ देऊ नकोस, मग शाळेनं कितीही आग्रह केला तरी.

दिवाळीनंतर शाळा उघडल्या की इकडं ये. पाचवी ते दहावीच्या मुला-मुलींच्या डोक्यांची मापं घेण्याबद्दल मी तीन शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोललो आहे. पालकांची संमती घ्यायची त्यांची अट आहे आणि ती योग्य आहे. घेर, लांबी, रुंदी, कानापासून हनुवटीपर्यंतचं अंतर, आणि मुलींचं वेणीसकट आणि वेणीशिवाय, असे रकाने पाडून वही आखून आण.

तुझे,
आजोबा